मदत हवी आहे: ३,४०० पौंडांच्या ट्रेलरला वेट डिस्ट्रिब्यूशन हिच (मागे पडणारा भार काही प्रमाणात पुढच्या चाकांवर परत आणणारा जोड) लावावा का?

मुक्काम डेन्व्हर. गाडी टोयोटा हायलँडर व्ही६, टोइंग क्षमता ५,००० पौंड, टंग वेट (ट्रेलरच्या पुढच्या टोकाचा गाडीवर पडणारा भार) जास्तीत जास्त ५००. ट्रेलर एका ॲक्सलचा, स्वतःचे इलेक्ट्रिक ब्रेक असलेला. गाडीत ब्रेक कंट्रोलर बसवलाय.

सामान आणि पाणी भरून ट्रक स्टॉपवरच्या कॅट स्केलवर (ट्रकच्या वजनकाट्यावर) वजन केलं: ट्रेलर साधारण ३,४००, टंग ४३०. म्हणजे टंग ट्रेलरच्या वजनाच्या १० ते १५ टक्के असावं, या हिशेबात बरोबर बसतं. (ब्रोशरमध्ये टंग ३३० लिहिलंय, पण गॅसच्या टाक्या आणि बॅटरी ट्रेलरच्या पुढच्या ए-फ्रेमवरच (त्रिकोणी सांगाड्यावर) असतात, त्यामुळे त्या आकड्याला काही अर्थ नाही.) ट्रेलर जोडल्यावर गाडीची मागची बाजू दोन इंच बसते, पुढची पाऊण इंच उचलते आणि पुढच्या ॲक्सलवरचे सुमारे १६० पौंड कमी होतात.

बॉल माउंटचा ड्रॉप (ट्रेलर जोडायच्या गोळ्याची उंची) बदलून ट्रेलर लेव्हल केला, टायरची हवा तपासली, जड सामान ॲक्सलच्या आसपास हलवलं. सरळ रस्त्यावर तक्रार नाही. पण आय-७० वर आयझेनहॉवर बोगद्यातून सिल्व्हरथॉर्नकडे उतरताना, आडवा वारा असला की, स्टिअरिंग हलकं लागतं. मागच्या स्प्रिंगना आधार देणाऱ्या एअर बॅग्ज नकोत. त्याने गाडी सरळ दिसेल, पण पुढच्या चाकांवर वजन परत येणार नाही.

गाडीचं मॅन्युअल २,००० पौंडांवरच्या ट्रेलरला स्वे कंट्रोल (ट्रेलरचं डावं-उजवं डोलणं रोखणारं साधन) लावायला सांगतं. विक्रेता अर्थातच वेट डिस्ट्रिब्यूशन हिचचा महागडा सेट गळ्यात मारतोय. त्याचं स्वतःचं वजनही टंगच्या ५०० मध्येच धरावं लागेल ना?

एवढ्या वजनाला नुसता फ्रिक्शन स्वे बार (घर्षणाने डोलणं रोखणारा दांडा) पुरतो, की ते १६० पौंड पुढे परत आणणं खरंच गरजेचं आहे?