रात्रीच्या वॉर्डातला गोंगाट कमी कसा करावा?

प्रश्न (परिसेविका, जिल्हा रुग्णालय):

नमस्कार. मी पुरुषांच्या ३० खाटांच्या मेडिकल वॉर्डाची इन्चार्ज आहे. इमारत जुनी, छत उंच आणि फरशी शहाबादी असल्यामुळे एका टोकाला हातातून निसटलेली किडनी ट्रे (वाटाण्याच्या आकाराचे धातूचे तबक) दुसऱ्या टोकाच्या रुग्णालाही दचकवून उठवते. सकाळच्या राऊंडला ‘झोप लागली का?’ असे विचारले, की निम्म्याहून अधिक रुग्ण नकारार्थी मान हलवतात. ‘शांतता राखा’ या पाट्या आहेतच. त्रास आम्हालाही होतो. मागच्या पंधरवड्यात डॉक्टरांनी फोनवर सांगितलेला ‘फिफ्टीन’ हा डोस आमच्या नव्या सिस्टरला ‘फिफ्टी’ असा ऐकू आला. तिने तो परत म्हणून दाखवला म्हणून चूक तिथेच सापडली, पण त्या क्षणी मागे दोन मॉनिटर वाजत होते आणि शेजारून ट्रॉली जात होती. बांधकामासाठी निधी मिळणार नाही, हे गृहीत धरून आम्हाला काय करता येईल?

उत्तर १ (जैववैद्यकीय अभियंता):

आधी एक खुलासा करतो, कारण इथे नेहमी गल्लत होते. २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांत शांतता क्षेत्रासाठी दिवसा ५० आणि रात्री ४० डेसिबल ही जी मर्यादा आहे, ती रुग्णालयाभोवतीच्या किमान १०० मीटर परिसरासाठी आहे. वॉर्डाच्या आत रात्री सरासरी ३० डेसिबलच्या वर आवाज नसावा, अशी शिफारस जागतिक आरोग्य संघटनेने १९९९ मध्ये केली होती. साधे बोलणेच ६० च्या आसपास जाते, त्यामुळे चालत्या वॉर्डात ३० गाठणे जवळपास अशक्य आहे. मात्र आवाज १० डेसिबलने उतरला, तरी कानाला तो साधारण निम्मा वाटतो, आणि तेवढे साध्य होण्यासारखे आहे.

मॉनिटरचा अलार्म बारीक करून ठेवू नका, ही माझी कळकळीची विनंती आहे. खोटे अलार्म मुळातून कमी करायला हवेत, कारण सतत खोटे वाजणाऱ्या यंत्राकडे माणसाचे लक्ष जाईनासे होते आणि खरा अलार्म त्यातच बुडतो. ईसीजीचे इलेक्ट्रोड (छातीवर चिकटवायच्या चकत्या) रोज बदलावेत आणि लावण्यापूर्वी त्वचा पुसून कोरडी करावी. बीपीचा कफ ज्या हाताला आहे, त्याच हाताच्या बोटाला सॅच्युरेशनचा (रक्तातला ऑक्सिजन मोजणारा) प्रोब लावू नये. कफ फुगला की बोटातला रक्तप्रवाह थांबतो आणि प्रत्येक वेळी अलार्म होतो. मी ज्या वॉर्डांत गेलो, तिथे हे एकच कारण कितीतरी वेळा सापडले. सीओपीडीच्या (फुफ्फुसांचा दीर्घकालीन आजार) अनेक रुग्णांसाठी रक्तातल्या ऑक्सिजनचे लक्ष्यच ८८ ते ९२ टक्के असते. अशा रुग्णाच्या अलार्मची खालची मर्यादा ९० वर राहिली, तर तो मॉनिटर रात्रभर ओरडणार. ही मर्यादा किती असावी, हे डॉक्टरांकडून केसपेपरवर लिहून घ्यावे.

उत्तर २ (निवृत्त परिचारिका):

ताई, एका रात्री रिकाम्या खाटेवर दिवा मालवून तासभर पडून राहा. मी तसे केले, तेव्हा कळले की ज्या आवाजांची आपल्याला सवय झालेली असते, तेच रुग्णाला सर्वांत जास्त छळतात. पायाने उघडायच्या कचऱ्याच्या बादलीचे झाकण दर वेळी धाडकन आपटत होते. आम्ही कडेला जुन्या सलाईनच्या नळीला चीर देऊन तिची पट्टी बसवली आणि तो आवाज बंद झाला. लोखंडी स्टुलांच्या पायांच्या रबरी टोप्या झिजून गेल्या होत्या, इंजेक्शनच्या ट्रॉलीच्या एका चाकात दोरा आणि केस गुंतले होते. चाके साफ करून तेल घालायचा वार ठरवून मामांकडे (वॉर्डबॉयकडे) सोपवलात, तर ते काम नक्की होते. कोणाच्याच नावावर नसलेले काम मात्र वर्षानुवर्षे तसेच राहते.

दुसरे म्हणजे कामांची जुळवाजुळव. रात्री एकाच रुग्णाला तापमानासाठी, इंजेक्शनसाठी आणि पहाटे रक्तासाठी वेगवेगळे उठवण्याऐवजी, प्रकृती स्थिर असेल तिथे डॉक्टरांशी बोलून ही कामे एकाच वेळी उरकावीत. टेबलावरचा फोन रात्री हळू आवाजावर ठेवावा. ओव्हर देताना (पुढच्या पाळीला रुग्णांची माहिती सोपवताना) आपण किती मोठ्याने बोलतो, तेही त्या खाटेवर पडूनच समजेल.

उत्तर ३ (रुग्णाचा मुलगा):

वडिलांसोबत मी नऊ रात्री वॉर्डात काढल्या. नातेवाइकांना दोष दिला जातो आणि काही अंशी तो योग्यही आहे, कारण मोबाईलवर स्पीकर लावून बोलणारे आमच्यातलेच होते. पण पाटी कोणीही वाचत नव्हते. एक सिस्टर मात्र साडेनऊला प्रत्येक खाटेशी थांबून ‘दादा, आता दहाला दिवे मालवते, फोन व्हरांड्यात घ्या’ असे सांगत, आणि त्यांच्या ड्युटीत वॉर्ड खरोखर शांत असे. व्हरांड्यात बसायला एक बाकडे मिळाले, तर लोक बोलायला आपणहून बाहेर जातील. ज्यांना ऐकू कमी येते, अशा आजोबांशी मोठ्याने बोलावेच लागते. त्यांची खाट टोकाला ठेवता येते का, तेही पाहावे.

परिसेविका:

सर्वांचे मनापासून आभार. काल रात्री अकरा ते बारा मी सात नंबरच्या खाटेवर पडून राहिले. सर्वांत मोठा आवाज औषधांच्या लोखंडी कपाटाच्या दाराचा होता, आणि ते दार त्या तासात दोनदा मी स्वतः बसवलेल्या नियमामुळेच उघडले गेले. रात्रीची औषधे दहाच्या आत काढून ट्रेमध्ये लावून ठेवायची, असे आजपासून ठरवले आहे. प्रोब आणि कफ एकाच हाताला असलेले तीन रुग्ण सापडले. ते लगेच बदलले.