आईचं पोट साफ होत नाही, त्यात हिमोग्लोबिनही कमी: कोणत्या तपासण्या करून घ्याव्यात?

नमस्कार मंडळी. आई ६८ वर्षांची, विट्याला असते. दिवाळीनंतर गुडघ्याचं ऑपरेशन झालं आणि तेव्हापासून तिचं पोट साफ होत नाही. आठवड्यातून जेमतेम दोनदा, तेही कुंथून कुंथून, लेंड्यांसारखे कडक खडे. उठल्यावरही "अजून आहे, पण होत नाही" म्हणते. आधी सकाळचा चहा झाला की तिचं काम झालेलं असायचं, तेव्हा हे तिचं नेहमीचं नाही.

सध्या रक्तदाबासाठी अ‍ॅम्लोडिपिन, शिवाय कॅल्शियम, लोहाची गोळी आणि दुखलं की ट्रामाडॉल. रात्री वॉकर घेऊन उठायची भीती वाटते म्हणून पाणी मुद्दाम कमी पिते. भाकरी सुटलीय, चहा-बिस्कीट आणि मऊ भात चालतो. चालणं घरातल्या घरात. इतकी कारणं समोर दिसतात की डॉक्टरांनी "वयाने होतं" म्हणून लॅक्ट्युलोज हे मळ मऊ करणारं औषध दिलं आणि विषय संपला. शेजारच्या काकू रोज एरंडेल घ्या म्हणतात.

माझा जीव मात्र दुसऱ्याच गोष्टीत अडकलाय. लोहाची गोळी सुरू झाली कारण हिमोग्लोबिन ९.१ आलं. ऑपरेशनमध्ये रक्त गेलं असेल, असं सगळ्यांनी धरलं. ऑपरेशनच्या आधीचा रिपोर्ट काढून पाहिला, तर त्यातही १०.२च. वजनही उतरलंय, ब्लाउज खांद्यावरून घसरतात. शौच काळी होते, पण लोहाच्या गोळीनेही ती काळी होते, त्यामुळे रक्त जातंय का ते नुसतं बघून कळत नाही.

बद्धकोष्ठता खरंच गोळ्यांमुळे आहे, की आतड्यातच काही असून रक्तही त्यामुळेच कमी होतंय? कोलोनोस्कोपीचा (दुर्बिणीने मोठं आतडं आतून तपासण्याचा) आग्रह धरू का? आणि कालपासून अचानक थोडं थोडं पातळ, कपड्यातच होतंय. लॅक्ट्युलोज बंद करू का?

प्रतिसाद

ताई, आधी ते पातळ होण्याचं बघा. गुदाशयात कडक मळ अडकून बसला की वरचा पातळ मळ त्याच्या कडेने झिरपतो आणि घरच्यांना जुलाब वाटतात. जुलाब थांबवायची गोळी अजिबात देऊ नका. एरंडेल, इसबगोलही आत्ता नको. लॅक्ट्युलोजचं काय करायचं ते डॉक्टरांनी तपासून ठरवू दे. उद्याच बोटाने गुदतपासणी करायला सांगा. दोन मिनिटांचं काम, पण संकोचापायी हमखास राहून जातं. अडकलेला मळ, गुदाशयातली गाठ हाताला लागू शकते. पोट फुगलं, उलट्या झाल्या, वायू सरेनासा झाला तर उद्याचीही वाट पाहू नका.

तुमची शंका रास्त आहे. पन्नाशीनंतर नव्याने सुरू झालेली बद्धकोष्ठता, कमी हिमोग्लोबिन आणि उतरलेलं वजन, हे तिन्ही एकत्र असताना कोलोनोस्कोपीबद्दल विचारायलाच हवं. रक्तात फेरिटिन (लोहाचा साठा), टीएसएच (थायरॉइडची तपासणी), साखर, कॅल्शियम बघतात. थायरॉइड मंदावलं किंवा कॅल्शियम वाढलं तरी पोट अडतं. मात्र अडकलेला मळ काढल्याशिवाय कोलोनोस्कोपीच्या तयारीचं, म्हणजे आतडं साफ करणारं औषध पाजायचं नाही. लोहाची गोळी त्याआधी काही दिवस थांबवायला सांगतात, ते विचारून घ्या. ट्रामाडॉलऐवजी पॅरासिटामॉलवर भागेल का, हेही विचारा. मॅनोमेट्री (गुदाशयाच्या स्नायूंचा दाब मोजणं) वगैरे पुढची गोष्ट.

धागाकर्ती

मनापासून आभार. बोटाने तपासणी आजवर कुणीच केलेली नाही. उद्या सकाळी इथल्याच डॉक्टरांकडे नेते आणि मिरजेला पोटविकारतज्ज्ञांची वेळ घेते, दोन्ही रिपोर्ट सोबत ठेवते. वॉकरवर असलेल्या कुणाच्या आईवडिलांची कोलोनोस्कोपी झाली असेल तर लिहाल का? तयारीच्या रात्री पलंगाशेजारी कमोडची खुर्ची ठेवून निभावतं, की आदल्या दिवशीच दवाखान्यात भरती केलेलं बरं?