शब्दचर्चा : भविष्यवाणी, भाकीत, संदेश आणि 'विश्वास कमी पडणे'

नगरची वाचक :
आमच्या ख्रिस्ती मंडळीतल्या एका मावशींच्या दुखवट्याच्या प्रार्थनेचे पत्रक लिहायचे काम माझ्याकडे आले आहे. मावशी बरेच दिवस अंथरुणाला खिळून होत्या. त्या काळात एका प्रार्थनासभेत कोणीतरी घरच्यांना ठामपणे सांगितले की अशी भविष्यवाणी झाली आहे, मावशी उठून चालू लागतील. मावशी गेल्या. आता मुलगा म्हणतो, भविष्यवाणी खोटी ठरली. भेटायला आलेल्यांपैकी एकजण त्याला म्हणाले, तुमचा विश्वास कमी पडला. ते ऐकल्यापासून तो उपासनेला आलेला नाही.

घरच्यांना पत्रकावर यिर्मया 29:11 हवे आहे, 'हिताचे संकल्प' हे देवाचे वचन. त्याखाली चार ओळी लिहायच्या आहेत आणि लेखणी पुढे जात नाही. भविष्यवाणी, भाकीत आणि आपल्या पवित्र शास्त्रातला 'संदेश' यांत नेमका फरक काय? आणि 'विश्वास कमी पडला' असे म्हणणे भाषेच्या आणि शास्त्राच्या दृष्टीने कितपत बरोबर?

शब्दांचा सोबती :
ताई, भाकिताचे आधी सांगतो, ते सोपे आहे. पुढे काय घडेल याबद्दलचे विधान म्हणजे भाकीत. पावसाचे असते, निवडणुकीच्या निकालाचे असते. ते खरे ठरते किंवा चुकते, तिसरी वाट नाही. 'भविष्यवाणी'चा अर्थही बोलीत तिथेच जाऊन टेकला आहे, कारण 'भविष्य' म्हटले की आपल्याला राशिभविष्य आणि हात दाखवणे आठवते. मुलगा 'खोटी ठरली' म्हणतो त्यात त्याची काही चूक नाही. त्याच्या हातात शब्दच तसा दिला गेला.

जुना संडेस्कूल शिक्षक :
आमच्या आजोबांच्या पिढीच्या तोंडी 'यशया भविष्यवादी' असे. आज आपण वाचतो त्या पवित्र शास्त्रात 'संदेष्टा' आहे, आणि मला हा शब्द मोलाचा वाटतो. निर्गम 7:1 काढून बघा. मोशे म्हणतो, मला नीट बोलता येत नाही. देव त्याला सांगतो, तुझा भाऊ अहरोन तुझा संदेष्टा होईल. अहरोन तिथे कोणतेही भविष्य सांगत नाही. मोशेचे म्हणणे तो फारोपुढे, म्हणजे मिसरच्या (इजिप्तच्या) राजापुढे, मांडतो, एवढेच. दुसऱ्याच्या वतीने त्याचा निरोप पोचवणारा, हा मूळ अर्थ.

आता तुमच्या वचनाकडे येतो. यिर्मया 29 हे पत्र आहे. इ.स.पू. 597 मध्ये बाबेलचा राजा नबुखद्नेस्सर याने यरुशलेममधले लोक बाबेलला धरून नेले, त्यांना ते लिहिले आहे. त्याच्या आदल्याच अध्यायात हनन्या नावाचा संदेष्टा मंदिरात सगळ्यांसमोर सांगतो की दोन वर्षांत सगळे परत येतील, आणि बाबेलच्या सत्तेची खूण म्हणून यिर्मयाने मानेवर घेतलेले लाकडी जू मोडून टाकतो. लोकांना हनन्या आवडला असणार. दोन वर्षे कोणीही कळ काढील! यिर्मयाचे पत्र मात्र म्हणते, घरे बांधा, बागा लावा, मुलाबाळांची लग्ने करा, ज्या शहरात तुम्हाला नेले आहे त्याचे हित चिंता, त्याच्यासाठी प्रार्थना करा. सत्तर वर्षे लागतील. म्हणजे ऐकणाऱ्यांतले बहुतेकजण तिथेच मातीआड होणार होते. 'हिताचे संकल्प' हे शब्द येतात ते या सत्तर वर्षांच्या ओळीला लागून. कॅलेंडरवर आणि लग्नपत्रिकेवर आपण अकरावे वचन छापतो, दहावे सोडून देतो. दुखवट्याच्या पत्रकावर तरी दोन्ही एकत्र घ्या, असे मी कळकळीने सांगेन.

आणखी एक, कारण हा शब्द या चर्चेत यायलाच हवा : 'खरेदीखत'. अध्याय 32. यरुशलेमला बाबेलच्या सैन्याचा वेढा आहे, यिर्मया पहारेकऱ्यांच्या चौकात कैदेत आहे, आणि तो अनाथोथ गावातले चुलतभावाचे शेत सतरा शेकेल रुपे तोलून विकत घेतो. साक्षीदार बोलावतो, खत लिहितो, मोहोर करतो आणि आपला लेखनिक बारूख याला सांगतो की ही कागदपत्रे मातीच्या भांड्यात ठेव म्हणजे पुष्कळ दिवस टिकतील. त्या शेतात यिर्मयाने कधी पीक घेतल्याचे लिहिलेले नाही. शहर पडले आणि पुढे लोकांनी त्याला मिसर देशात नेले. या देशात पुन्हा घरे, शेते आणि द्राक्षमळे विकत घेतले जातील, हा त्याला मिळालेला संदेश. त्याने तो बोलून दाखवला आणि त्यावर स्वतःचे पैसेही मोजले.

वसईकर :
काका, सगळे पटले, पण मग संदेशात पुढचे काहीच नसते असे म्हणायचे का? सत्तर वर्षे हेही भविष्यच की.

जुना संडेस्कूल शिक्षक :
असते तर! नाकारत नाही. पण त्याची पारख सांगितली आहे. पवित्र शास्त्रातल्या 'अनुवाद' या पुस्तकातले 18:22 म्हणते, परमेश्वराच्या नावाने बोललेले घडले नाही तर ते परमेश्वराचे बोलणे नव्हे, बोलणाऱ्याने ते उन्मत्तपणे म्हटले. जबाबदारी बोलणाऱ्यावर आहे. ऐकणाऱ्या आजाऱ्यावर किंवा तिच्या मुलावर ती कुठेही टाकलेली नाही. प्रेषित पौल पत्रात थेस्सलनीकाकरांना सांगतो की संदेशांचा धिक्कार करू नका, आणि लगेच म्हणतो की सर्व गोष्टींची पारख करा. करिंथकरांना लिहिताना संदेश देणाऱ्याचे काम त्याने तीन शब्दांत सांगितले आहे : उन्नती, उत्तेजन, सांत्वन. त्या प्रार्थनासभेत जे बोलले गेले त्यातून या घराला यांपैकी काय मिळाले?

शब्दांचा सोबती :
विश्वासाबद्दल. मराठीत विश्वास ठेवतात, धरतात, तो बसतो, उडतो, डळमळतो. 'कमी पडणे' हे क्रियापद पीठमिठाचे आहे. ते लावले की विश्वास म्हणजे डब्यात मोजून भरायची वस्तू होते, आणि अमुक इतका भरला असता तर आई वाचली असती, असा हिशेब मुलाच्या डोक्यात सुरू होतो. शिवाय आपल्याकडे दोन शब्द आहेत, विश्वासणारा आणि विश्वासू. हबक्कूक 2:4 मध्ये नीतिमान आपल्या विश्वासाने वाचेल असे आहे. तिथला मूळ इब्री (हिब्रू) शब्द 'एमूना' विश्वासूपणाच्या, टिकून राहण्याच्या जवळचा. तोच शब्द निर्गम 17 मध्ये मोशेच्या हातांसाठी आला आहे. अहरोन आणि हूर यांनी दोन बाजूंनी आधार दिला म्हणून त्याचे हात सूर्य मावळेपर्यंत स्थिर राहिले. एकट्याच्या बळावर राहिले नव्हते.

वसईकर :
पण येशूने शिष्यांना 'अल्पविश्वासी' म्हटले आहे, ते कसे टाळायचे?

शब्दांचा सोबती :
टाळू नका. नावेत घाबरलेल्या शिष्यांना म्हटले, आणि वादळही शांत केले. मार्था आणि मरीया यांचा भाऊ वारला होता. दोघींनीही 'प्रभू, तुम्ही इथे असता तर' असे तोंडावर सुनावले. त्यांना येशूने अल्पविश्वासी म्हटलेले नाही. तो रडला.

केडगावजवळची :
यात पंडिता रमाबाईंची आठवण काढल्याशिवाय राहवत नाही. दुष्काळाच्या काळात आईवडील आणि बहीण गेली, 1880 मध्ये भाऊ, 1882 मध्ये नवरा. हे सगळे बाप्तिस्म्याआधीचे. विश्वासात आल्यावर दुःख संपले का? 1921 मध्ये एकुलती मुलगी मनोरमा गेली. रमाबाई तेव्हा बायाबापड्यांना कळेल अशा मराठीत इब्री आणि ग्रीकवरून बायबल उतरवत होत्या. ते काम त्यांनी सोडले नाही. 5 एप्रिल 1922 ला त्या गेल्या, आणि ग्रंथ पुरा छापून आला 1924 मध्ये. त्यांचा विश्वास कमी पडला असे कोणी म्हणून दाखवावे.

नगरची वाचक :
सगळ्यांचे आभार. यिर्मया 29:10 आणि 11 दोन्ही घेते आहे. खाली असे लिहिले आहे :

'मावशी बऱ्या व्हाव्यात म्हणून आपण सर्वांनी प्रार्थना केली. त्या बऱ्या झाल्या नाहीत. त्यांच्या घरच्यांनी अखेरपर्यंत त्यांची सेवा केली, हात सोडला नाही. यिर्मया संदेष्ट्याने परक्या देशात दुःख भोगणाऱ्यांना घरे बांधायला आणि बागा लावायला सांगितले. या घराच्या पुढच्या दिवसांत मंडळी त्यांच्याबरोबर आहे.'

'विश्वास' शब्द मुद्दामच घातलेला नाही. छापायला देण्याआधी मुलाला वाचून दाखवणार आहे, तो म्हणेल ते वाक्य काढेन. 'संदेष्ट्याने' बरोबर आहे ना?

शब्दांचा सोबती :
बरोबर. एकवचन संदेष्टा, अनेकवचन संदेष्टे, सामान्यरूप संदेष्ट्या. 'मंडळी त्यांच्याबरोबर आहे' याच्या पुढे पहिल्या महिन्यात जेवणाचे डबे कोण कोण नेणार हेही ठरवून लिहा, ताई.