मदत हवी आहे: पाटल्या बँकेत आहेत, साडेपाच वर्षांच्या लेकीला काय सांगू?

आम्ही कोकणातल्या हर्णै बंदराचे. घरची एक बोट, नवरा स्वतःच तांडेल, म्हणजे बोटीचा कप्तान. १ जून ते ३१ जुलै यांत्रिक बोटींना मासेमारी बंद, म्हणजे ६१ दिवस मासळीचा पैसा नाही. खर्च मात्र नेमका तेव्हाच: जाळी, इंजिनचं काम, रंग आणि खलाशांची उचल. आमचे खलाशी नेपाळचे. उचल वेळेत पोचली नाही तर दुसऱ्याच्या बोटीवर जातात, आणि त्यात त्यांचं काही चुकत नाही. म्हणून दर जुलैला माझ्या पाटल्या बँकेत तारण जातात, दिवाळीच्या आगेमागे सुटतात. सासूबाईंच्याही जायच्या. घरात कुणाला त्याचं काही वाटत नाही.

यंदा लेकीचं लक्ष गेलं. "आई, पाटल्या कुठायत?" मी भाकरी थापत होते, तोंडातून निघून गेलं, "पॉलिशला दिल्यात." झालं! रोज विचारणा सुरू. परवा बाजारात सोनाराच्या दुकानापुढे हात सोडवून थेट आत. "काका, आमच्या पाटल्यांचं पॉलिश झालं?" सोनार माझ्याकडे बघतोय, मी जमिनीकडे. समजला बिचारा. म्हणाला, "वाळतायत अजून."

त्या रात्री खरं सांगितलं. बँकेने पैसे दिलेत, आपण परत केले की पाटल्या परत. आधी म्हणाली, "बँकेतल्या बाईने घालून बघितल्या तर?" मला हसू आलं. मग, "आणि पैसे नाही दिले तर?" यावर मला बोलता येईना. खरं उत्तर आहे लिलाव. पण आमच्या पोरीला लिलाव म्हणजे काय ते पक्कं माहीत आहे. बंदरावर संध्याकाळी टोपल्या मांडतात, माणसं कोंडाळं करून बोली लावतात, आणि मासळी दुसऱ्याच्या गाडीत जाते. तिथे माझ्या पाटल्या मांडलेल्या तिच्या डोळ्यांपुढे आल्या तर झोपेल का ती?

मी बोटीचा दाखला दिला. पावसाळ्यात बोट खाडीत ठेवतो, पुन्हा बाहेर काढतोच ना, तसं. ती म्हणाली, "पण बोट आपल्याच खाडीत असते." बरोबरच आहे की.

काल तांदूळ काढायला पिंपात हात घातला तर तिचे पैंजण हाताला लागले. विचारलं तर कानात येऊन म्हणाली, "बँकेला सांगू नको."

नवरा म्हणतो, विषय काढू नकोस, विसरेल. सासूबाई म्हणतात, आमची पोरं असलं काही विचारायची नाहीत. (विचारत असतील, ऐकायला कुणाला सवड होती?) मला दोन्ही पटत नाही.

तुमच्यापैकी कुणी एवढ्या लहान मुलाला कर्ज समजावलंय का? "नाही दिले तर" याला खोटं न बोलता, पण न घाबरवता काय उत्तर देता? आणि वाडीभर सांगू नकोस हे कसं सांगायचं? गप्प बस म्हटलं की तिला वाटणार, आपण काहीतरी वाईट केलंय.

नारळी पौर्णिमेला सगळ्या जणी नटून बंदरावर जातील, तेव्हा ती माझे हात बघणारच. त्याआधी बोलायचंय. पैंजण अजून तांदळातच आहेत. काढून तिच्या पायात घालू, की तिचे तिला काढू देत?