सरकारी कामांचं प्रशिक्षण: काय शिकलात, कुठे शिकलात?

सरकारी कंत्राटदारीचे वर्ग आता बऱ्याच ठिकाणी चालतात, पण बहुतेक वर्ग निविदा भरण्यापाशी येऊन थांबतात. माझ्या मते खरी परीक्षा कार्यारंभ आदेश हातात पडल्यावर असते. म्हणून हा धागा. सविस्तर लिहा, कार्यालयांची आणि माणसांची नावं मात्र नकोत.

सुरुवात मी करते. मी सातारा जिल्ह्यात शाळाखोल्या, लहान रस्ते अशी कामं घेते. बी-1 निविदेत खात्याच्या अंदाजपत्रकावर टक्केवारी भरायची, बी-2 मध्ये प्रत्येक बाबीचा दर आपण द्यायचा, एवढं कुणीही सांगतं. आमच्या सरांनी एक घनमीटर काँक्रीटचा दर आमच्याकडून कागदावर काढून घेतला. सिमेंट, खडी, वाळू, मजुरी, पाणी, नासधूस आणि खाणीपासून साइटपर्यंतचं अंतर. हे अंतर मोजलं की किती टक्के बिलो, म्हणजे अंदाजपत्रकापेक्षा कमी, परवडेल ते आपोआप कळतं. शेजारच्याने पंधरा टक्के बिलो भरलं म्हणून आपण सोळा भरू नये.

सोलापूर, सुशिक्षित बेरोजगार अभियंता
महाटेंडर्सवर, म्हणजे राज्याच्या ई-निविदा पोर्टलवर, निविदा भरायची कशी, हे मी नुसतं ऐकलं नाही, बसून केलं. डिजिटल सही, तांत्रिक लिफाफा, आर्थिक लिफाफा. दरांची एक्सेल फाइल उतरवून घ्यायची, पण तिचं नाव बदलायचं नाही, नाहीतर पोर्टल ती घेत नाही. अपलोड करण्याआधी शुद्धिपत्रक निघालंय का ते बघायचं.

नांदेड, निवृत्त कनिष्ठ अभियंता
नोकरीत असताना नाशिकच्या मेटामध्ये, म्हणजे महाराष्ट्र अभियांत्रिकी प्रशिक्षण प्रबोधिनीत, माझं प्रशिक्षण झालं. आता नव्या ठेकेदारांना एकच विषय शिकवतो: एम.बी., म्हणजे मोजमाप पुस्तिका. देयक तिच्यातूनच निघतं. पानांना क्रमांक असतात, पान फाडता येत नाही, खाडाखोड चालत नाही. आकडा चुकला तर तो वाचता येईल असा छेदून शेजारी सही करायची. ठेकेदार मंडळी पुस्तिकेकडे खात्याचा दस्तऐवज म्हणून बघतात आणि न वाचता सही करून मोकळी होतात. सही करताय म्हणजे मोजमाप मान्य केलंत! पाया भरण्याआधी खोली मोजून घ्या. काँक्रीट ओतण्याआधी सळईचा व्यास, संख्या, अंतर अभियंत्यासमोर मोजा आणि नोंद त्याच दिवशी होऊ द्या. झाकलं गेलेलं काम नंतर कुणाला दिसत नाही, मग भांडण सुरू होतं. मी वर्गात फळ्यावर आकडे मांडत नाही, टेप घेऊन सगळ्यांना खड्ड्यात उतरवतो.

कोल्हापूर, गणवेश शिवणारा महिला गट
आम्ही जेमवर, म्हणजे केंद्राच्या ऑनलाइन सरकारी खरेदी पोर्टलवर, आहोत. उद्यम नोंदणी केली, तेव्हा कळलं की केंद्राच्या खरेदी धोरणात सूक्ष्म व लघु उद्योगांसाठी 25 टक्के वाटा आहे आणि त्यातले 3 टक्के महिला उद्योजकांचे. प्रशिक्षणात उत्पादनाचं पान कसं बनवायचं ते छान शिकवलं. पण एका कार्यालयाने माल उतरवून घेतला, वापरायलाही काढला, आणि पोर्टलवर स्वीकृती मात्र दिली नाही. स्वीकृती नाही तर पैसे नाहीत. शिवणाऱ्या बायकांची मजुरी आम्ही घरातून दिली. त्यानंतर तारीख आणि शिक्का असलेलं, माल पोचल्याचं चलन हातात घेतल्याशिवाय आमचा टेम्पो हलत नाही. हा धडा वर्गातच मिळायला हवा होता.

रत्नागिरी, मजूर संस्थेचा सचिव
निवृत्त साहेबांचं पटलं. आणखी एक जोडतो: दोष दायित्व कालावधी, म्हणजे काम पूर्ण झाल्यावर दोष दुरुस्त करून देण्याची आपली मुदत, संपला की सुरक्षा ठेव परत मिळण्यासाठी अर्ज आपणच करायचा, आणि पोच घ्यायची.

एक विचारायचंय. आमच्याकडे जून लागला की मातीकाम बंद पडतं आणि मुदत पावसातच संपते. मुदत संपण्याआधी वाढ मागायची हे माहीत आहे, पण पावसाच्या नोंदी जोडून अर्ज नेमका कसा लिहायचा, हे मराठीतून शिकवणारं कुणी आहे का?