ट्रकचं चाक निखळून अपघात, भरपाई कुणाकडं मागायची? तातडीने मदत हवी आहे

सूरज_उंब्रज
नमस्कार मंडळी, सरळ मुद्द्यावर येतो. ट्रकचं मागचं चाक निखळलं आणि येऊन धडकलं. मालक आता फोन उचलत नाही. विमा कंपनीला फोन केला तर म्हणतात पॉलिसी नंबर सांगा. ट्रकवाल्याचा पॉलिसी नंबर माझ्याकडं कुठून असणार? ग्राहक मंचात जायचं, पोलिसांत जायचं की कंपनीला नोटीस द्यायची? नोटिशीचा मसुदा कुणाकडं असला तर इथंच टाका. १ लाख ८० हजार घालून बसलोय. "गूगल करा" म्हणू नका, केलंय.

चौकस_बाई
कुणाला धडकलं? गाडीला, माणसाला की भिंतीला? कुठे? कधी? एफआयआर झाला का?

नितीन_घाटमाथा
सेम अनुभव. माझ्या पुढच्या ट्रॉलीतून उसाची मोळी बॉनेटवर पडली, काच गेली. मी ट्रॉलीवाल्याच्या नादाला लागलोच नाही. स्वतःच्या पॉलिसीवर क्लेम टाकला, आठ दिवसांत गाडी हातात. झिरो डेप (झीज न कापता भरपाई देणारी पॉलिसी) घेत जा भावा, दोन पैसे जास्त जातात पण डोक्याला ताप नाही. आणि डॅशकॅम लावाच.

सूरज_उंब्रज
गाडीचा विषयच नाही हो. वडिलांना लागलंय. सर्व्हिस रोडला लुना उभी करून फोनवर बोलत होते. हायवेवरून चाक रेलिंगवर आपटून उडालं आणि थेट अंगावर आलं. उजवं मनगट मोडलं, प्लेट टाकलीय. एफआयआर नाही, हवालदार येऊन पंचनामा करून गेले.

फुकट_सल्लागार
सोलेशियम फंडात अर्ज करा. हिट अँड रनला सरकार २ लाख देतं. तहसीलदार कचेरीत फॉर्म मिळतो, वकील लागत नाही.

अ‍ॅड_मुक्ता
सल्लागार साहेब, २ लाख मृत्यूला. गंभीर दुखापतीला ५० हजार. आणि तेही वाहनाचा पत्ताच लागत नसेल तर. सूरज, ट्रकचा नंबर आहे का?

सूरज_उंब्रज
आहे ना, ते सांगायचं राहिलं. ट्रक तीनचारशे मीटर पुढं जाऊन थांबला होता, पोरांनी फोटो काढलेत. ड्रायव्हरला चाक गेल्याचं कळलंच नव्हतं म्हणे. खोटं बोलतोय ना?

जुना_ड्रायव्हर
खोटं नसेल. मागं जोडचाक असतं, बाहेरचं गेलं तरी आतलं माल तोलून धरतं. लोड गाडीत आवाजही कळत नाही. पण म्हणून तो सुटत नाही. चाक एका मिनिटात निखळत नसतं राजा. पंक्चरवाला पान्ह्यावर उभा राहून नट आवळतो आणि म्हणतो जावा. खरं तर पन्नास-शंभर किलोमीटरवर उतरून नट परत आवळायचे असतात, ते कोण करतंय? नट सैल झाला की डिस्कच्या भोकापासून तांबडे ओघळ निघतात. सकाळी गाडीभोवती एक चक्कर मारली तरी दिसतं. मी २८ वर्षं मारली. भोकं लांबुळकी झाली असली तर समजा लई दिवस सैल चालवलीय. ते चाक कुठाय?

सूरज_उंब्रज
चाक आमच्या भावकीच्या शेतात जाऊन पडलं होतं, तिथंच बांधावर आहे. पोरं बसतात त्याच्यावर. चुलता भंगारात घालतो म्हणत होता.

अ‍ॅड_मुक्ता
घालू नका!! पंचनाम्यात चाक जप्त दाखवलं नाही का?

सूरज_उंब्रज
नाही ताई. हवालदार म्हणाले जड आहे, नंतर नेतो.

अ‍ॅड_मुक्ता
आजच ताडपत्री टाकून झाका. टायरवरचा नंबर आणि भोकं जवळून दिसतील असे फोटो काढा. चाक ताब्यात घ्या असा लेखी अर्ज ठाण्यात देऊन पोच घ्या. त्याच अर्जात गुन्हा नोंदवायची मागणी करा. टाळाटाळ झाली तर तीच तक्रार पोलीस अधीक्षकांना पोस्टाने, बीएनएसएस (भारतीय नागरिक सुरक्षा संहिता) कलम १७३(४). एफआयआर उशिरा झाला एवढ्यावर दावा पडत नाही, पण उशीर का झाला ते सांगता आलं पाहिजे.

ग्राहक मंच डोक्यातून काढा, ट्रकच्या विमा कंपनीचे तुम्ही ग्राहक नाही. दावा मोटार अपघात न्यायाधिकरणात, मोटार वाहन कायदा कलम १६६ खाली. ड्रायव्हर, मालक, विमा कंपनी असे तिघेही पार्टी. पॉलिसी नंबरसाठी अडून बसू नका, एमपरिवहन अ‍ॅपवर गाडी नंबर टाकला की कंपनीचं नाव आणि विम्याची मुदत दिसते. विमा अपघाताच्या दिवशी चालू होता का ते बघा, आज आहे का ते नाही.

फुकट_सल्लागार
यांत्रिक बिघाड म्हटल्यावर मालक काय करणार? कंपनी म्हणेल दैवी घटना, संपला विषय.

अ‍ॅड_मुक्ता
म्हणतेच. पण योग्य काळजी घेऊनही दिसला नसता असा छुपा दोष होता, हे मालकाने सिद्ध करायचं असतं. सर्वोच्च न्यायालयाने १९७७ मध्येच सांगितलंय. नीट चाललेल्या ट्रकचं चाक आपोआप निखळत नाही. जुना_ड्रायव्हर काकांनी वर लिहिलंय तेच उलटतपासणीत विचारायचं असतं: शेवटचं टायर कधी बदललं, नट कुणी आवळले.

सान_होजेकर
इथे कॅलिफोर्नियात असं झालं असतं तर वकिलांनी हॉस्पिटलपर्यंत गाठलं असतं. फी आधी नाही, जिंकलात तर साधारण तिसरा हिस्सा त्यांचा. आपल्याकडे ही पद्धत का नाही कळत नाही.

पगडीवाला
आली अमेरिका! आपल्याकडे बार कौन्सिलच्या नियमात निकालावर ठरणारी फी चालत नाही. (तरी टक्क्यावर केस घेणारे कोर्टाच्या गेटवरच भेटतात, तो भाग वेगळा.)

अ‍ॅड_मुक्ता
गेटवरच्यांच्या नादी लागू नका. ऐपत नसेल तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे जा, अटीत बसलात तर वकील मोफत. सूरज, तारीख अजून सांगितली नाहीत.

नितीन_घाटमाथा
तारखेचं काय एवढं? मामांनी चार वर्षांनी दावा लावला होता, मिळाले पैसे. अपघाताच्या केसला मुदत नसते.

अ‍ॅड_मुक्ता
मामांचा अपघात कधीचा?

नितीन_घाटमाथा
२०११.

अ‍ॅड_मुक्ता
मग बरोबर. १९९४ च्या दुरुस्तीने मुदत काढून टाकली होती. १ एप्रिल २०२२ पासून परत आली, अपघातापासून ६ महिने. या तरतुदीला सर्वोच्च न्यायालयात आव्हान दिलेलं आहे, पण त्या भरवशावर घरी बसू नका.

सूरज_उंब्रज
१८ जुलै. आज ४ जानेवारी.
ताई दोनच आठवडे राहिले की हो.

चौकस_बाई
आणि हे पहिल्या पोस्टमध्ये लिहायचं सुचलं नाही!

सूरज_उंब्रज
मला काय माहीत मुदत असते. मालक म्हणायचा दिवाळीनंतर बसू, मग म्हणाला गळीत हंगाम संपू दे. अजून एक आहे, चिडू नका. तिसऱ्या दिवशी दवाखान्यात येऊन त्यानं २० हजार दिले आणि स्टँपपेपरवर लिहून घेतलं की आमची काही तक्रार नाही.

पगडीवाला
झालं. आता विसरा.

अ‍ॅड_मुक्ता
विसरायला काय झालं? असा कागद असला म्हणून न्यायाधिकरणातला दावा आपोआप बुडत नाही. फक्त २० हजार लपवायचे नाहीत, अर्जात स्वतःहून लिहायचे. बिलं, डिस्चार्ज कार्ड, एक्स-रे, सगळे मूळ कागद एका फाईलला लावा. वडील काय करतात? वय?

सूरज_उंब्रज
५२. टेलर आहेत. महिन्याला १२ हजार सुटायचे, हिशोब वहीत आहे. आता काज-बटण पण होत नाही.

अ‍ॅड_मुक्ता
ती वही जपा, सोन्यासारखी आहे. सिव्हिल सर्जनकडून अपंगत्वाचा दाखला घ्या. दाखल्यावर हाताचं किती टक्के लिहिलंय एवढ्यावर थांबायचं नसतं, त्या माणसाच्या धंद्यावर काय परिणाम झाला ते न्यायाधिकरण बघतं. शिंप्याचा उजवा हात आणि वॉचमनचा उजवा हात सारखा नाही. नमुन्यादाखल: कमाईचं नुकसान ३० टक्के धरलं तर १२,००० × १२ × ११ (५१ ते ५५ वयाचा गुणक, म्हणजे किती वर्षांची कमाई धरायची तो आकडा) × ३० टक्के = ४,७५,२००. दवाखान्याचा खर्च, वेदना, बुडालेले महिने वेगळे. दुसरा रस्ता कलम १६४ चा, त्यात चूक कुणाची हे सिद्ध करावं लागत नाही, पण गंभीर दुखापतीला ठरलेले अडीच लाखच. तुमच्याकडे चाक आहे, वही आहे. मी १६६ च लावला असता.

फुकट_सल्लागार
कॅशलेस योजना पण आहे बरं का, दीड लाखापर्यंत उपचार.

चौकस_बाई
ती अपघातानंतरच्या पहिल्या सात दिवसांसाठी. यांना सहावा महिना चाललाय.

जुना_ड्रायव्हर
सूरज, ट्रक कराडकडनं येत होता का? मग तासवडे नाक्यावरनं आला असणार. फास्टॅगची नोंद निघते का वकिलाला विचार. लोड किती होता तेबी बघा, ओव्हरलोडला स्टड (ज्यावर नट बसतात ते बोल्ट) तुटतात.

सूरज_उंब्रज
हो काका, कराडकडनंच. आत्ता बांधावर जाऊन आलो. दहापैकी सहा भोकं लांबुळकी झालीत, तांबडे ओघळ पण आहेत. ताडपत्री टाकली. उद्या ठाण्यात जातो, परवा कराड कोर्टात वकील गाठतो. ताई, शेवटचं एक. दाव्यावर वडिलांची सही लागेल ना? त्यांना पेन धरता येत नाही.

अ‍ॅड_मुक्ता
डाव्या अंगठ्याचा ठसा चालतो. त्या स्टँपपेपरवर सही कशी केली होती मग?

सूरज_उंब्रज
सही नव्हतीच, अंगठाच घेतलाय. बाबा दहावी झालेत ताई. प्लास्टर होतं आणि गुंगीत होते, मालकानंच हात धरून टेकवला.

अ‍ॅड_मुक्ता
त्या दिवसाचा केसपेपर आणि नर्सिंग चार्ट उद्याच दवाखान्यातून काढा. इंजेक्शन किती वाजता दिलं ते त्यात असतं.