मदत हवी आहे: सोशियोग्राममध्ये सहा मुलं एकटी निघाली, गट कसे पाडू?

खडूफळा:
तिसरीचा वर्ग. सोशियोग्राम काढला, म्हणजे कोणाला कोण हवं हे चिठ्ठीवर लिहून घेतलं आणि निवडणाऱ्याकडून निवडलेल्याकडे बाण काढले. सहा मुलांकडे एकही बाण येत नाही. सोमवारपासून प्रकल्पाचे गट पाडायचेत. या सहाजणांचा एकच गट केला तर चालेल ना? निदान एकमेकांशी तरी मैत्री होईल. लवकर सांगा, बाकीचे गट तयार आहेत.

तळटीप:
थांबा. पट किती, त्या दिवशी हजर किती? प्रश्न नेमका काय विचारलात? नावं किती लिहायची होती? 'कोण नको' हेही विचारलं का? हे कळल्याशिवाय त्या सहा नावांना काही अर्थ नाही.

झोपाळा:
आधी मोबाइल काढून घ्या. मुलं खेळतच नाहीत, मग मैत्री होणार कुठून?

खडूफळा:
झोपाळा, वर्गात मोबाइल नसतो हो. तळटीप, पट ३४, प्रत्येकी तीन नावं. 'कोण नको' विचारलं नाही, बरं दिसत नाही ते. गट करू की नको, एवढंच सांगा.

आडवाट:
नका करू. डिशन, मॅककॉर्ड आणि पूलँ यांचा १९९९चा लेख याच विषयावर आहे. दांडगाई करणाऱ्या किशोरवयीनांना सुधारण्यासाठी एकत्र बसवलं, तर वागणं उलट बिघडू शकतं. एकाने खोडी काढली की दुसरा हसतो, आणि ते हसू हेच बक्षीस ठरतं. तुमची मुलं लहान आहेत, पण 'उरलेल्यांचा गट' कोणता हे वर्गाला पहिल्याच दिवशी कळेल.

तळटीप:
आडवाट, ती सहाही मुलं दांडगट आहेत हे तुम्ही कुठून काढलंत? शून्य बाण दोन अगदी वेगळ्या कारणांनी येतात. एक मूल कोणाच्या ध्यानातच नसतं, म्हणजे दुर्लक्षित. दुसरं सगळ्यांच्या ध्यानात असतं, पण कोणालाच नको असतं, म्हणजे नाकारलेलं. कोई, डॉज आणि कॉपोटेली यांनी १९८२मध्ये पसंती आणि नापसंती दोन्ही मोजून ही विभागणी केली. लोकप्रिय, नाकारलेली, दुर्लक्षित, वादग्रस्त आणि उरलेली सर्वसाधारण. दुर्लक्षितपणा बऱ्याचदा नवा वर्ग, नवे सोबती मिळाले की आपोआप जातो. नाकारलेपण चिवट असतं. नुसत्या पसंतीच्या चिठ्ठ्यांतून हा फरक दिसणारच नाही.
आणि हजर किती, हे अजून सांगितलं नाहीत.

खडूफळा:
३१. तिघं आजारी होती. प्रश्न होता, 'अभ्यासाला शेजारी कोण हवं?'

तळटीप:
मग हिशोब बघा. ३१ गुणिले तीन, म्हणजे ९३ मतं, ३४ नावांवर. मुलांनी डोळे मिटून नावं लिहिली असती, तरी एखाद्याला एकही मत न मिळण्याची शक्यता साधारण ५ ते ६ टक्के. म्हणजे दोनेक मुलं नुसत्या योगायोगाने शून्यावर राहतात. त्यात तीन मतदार गैरहजर. एखाद्याचा एकुलता एक मित्र त्या तिघांत असेल, तर तो तुमच्या कागदावर 'एकटा'. शिवाय अभ्यासाला हुशार मूल हवं असतं, खेळायला वेगळंच. तुम्ही मोजलंत ते अभ्यासाचं.

शून्य_शेष:
माझ्या मते घाबरण्यासारखं काही नाही. तीन वर्षांची मुलं शेजारी बसूनही आपापलंच खेळतात. मिल्ड्रेड पार्टेन यांनी १९३२मध्ये याला समांतर खेळ म्हटलंय. सहकारी खेळ नंतर येतो.

खडूफळा:
तिसरी म्हटलंय, तीन वर्षं नाही! 'कोण नको' विचारल्याशिवाय फरक कसा काढू?

आडवाट:
विचारूच नका. कोणाचं नाव लिहिलं याची मधल्या सुट्टीत चर्चा होते. त्यापेक्षा वर्गाची पूर्ण यादी छापा. प्रत्येक नावापुढे १ ते ५, 'याच्याबरोबर खेळायला किती आवडतं?' आकड्यांऐवजी रडका ते हसरा असे पाच चेहरे दिले तरी चालेल. सरासरी बऱ्यापैकी आणि पसंतीची मतं शून्य, तर दुर्लक्षित. सरासरीच तळाला असेल, तर नाकारलेलं.

तळटीप:
'विचारूच नका' हे टोकाचं वाटतं, पण वर्गात वापरायला हीच पद्धत बरी. तीन पथ्यं पाळा. नावांचा क्रम प्रत्येक कागदावर बदला, नाहीतर यादीच्या शेवटी कंटाळून सगळ्यांना ३ पडतात. या वयात मुलगे मुलींना आणि मुली मुलग्यांना कमी गुण देतात, म्हणून मुलग्यांची सरासरी मुलग्यांच्याच गुणांवर काढा, मुलींचंही तसंच. आणि सुट्टीच्या तोंडावर कागद वाटू नका. कागद गोळा झाल्यावर निदान अर्धा तास दुसरं काम असू द्या.

झोपाळा:
एवढे कागद कशाला? मैदानावर सोडा, आपोआप मिसळतात.

आडवाट:
नाकारलेलं मूल मैदानावरच तर आपटतं. चालू खेळात घुसून 'असं नाही, असं खेळायचं' म्हणतं, किंवा स्वतःबद्दलच सांगत बसतं. पुटालाझ आणि गॉटमन यांच्या १९८१च्या निरीक्षणातही प्रश्न विचारत, स्वतःबद्दल बोलत किंवा मतभेद दाखवत शिरणाऱ्या मुलांना दाद मिळाली नव्हती. शिकवायचं ते असं: आधी कडेला उभं राहून खेळ समजून घे. मग शेजारी तेच कर. ते रेतीचा बोगदा करत असतील, तर तूही बाजूने रेती उकर. मग खेळाबद्दलच बोल, 'इकडून ढासळतंय, मी धरतो.' 'मला घेता का?' विचारलं की नाही म्हणणं सोपं होतं.

खडूफळा:
गैरहजर तिघांकडून चिठ्ठ्या घेतल्या. सहाचे चार झाले. गुणांचे कागदही भरून घेतले. चौघांपैकी तिघांची सरासरी ठीक आहे, एकाची तळाला. गंमत म्हणजे त्या तिघांनी एकाच मुलाचं नाव लिहिलंय. मग ते तिघं आणि तो, असा गट?

तळटीप:
नाही. उरलेल्यांचाच गट झाला तो, फक्त एक पालक नेमून. त्याच्याबरोबर एकच द्या, बाकी दोघांना त्यांच्या चिठ्ठीवरच्या दुसऱ्या नावाबरोबर. गट चारचे करा. तिघांत दोघांची जोडी जमते आणि तिसरा कडेला राहतो. प्रत्येकाकडे माहितीचा वेगळा तुकडा द्या, म्हणजे त्याचं ऐकल्याशिवाय प्रकल्प पुराच होणार नाही. मात्र बुजऱ्या मुलाला सर्वांत अवघड तुकडा देऊ नका, तो अडखळला की गट त्याच्यावरच चिडतो.

खडूफळा:
आणि चौथा?

आडवाट:
त्याला गटात सगळ्यात शेवटी बसवा, पण आधी चार दिवस सुट्टीत बघा. तो घुसतो की नुसता लांब उभा राहतो, ते इथे लिहा. त्यावरून पुढचं सांगता येईल.